ऑफिससाठी आपत्कालीन प्लॅन आणि मॉक ड्रिल करून देणारी सर्व्हिस : नागपूर, आमचा वर्षभराचा अनुभव

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम उशीर केला, मला पहिले एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा पाहायचा होता. ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांनाच छान वाटतं, फोटो निघतात, टाळ्या होतात, पण तो प्लॅन कामाचा आहे का हे नंतरच समजतं. आता दोन्ही ऋतू झाले म्हणून लिहून राहिले.

आमचं डिजिटल प्रिंटिंग आणि बाइंडिंगचं काम आहे, शंकरनगरकडे, नाग नदीपासून फार लांब नाही. तळघर, ग्राउंड आणि वर दोन माळे, स्टाफ ३४. मी अॅडमिन पाहते. ज्यांच्याबद्दल लिहितेय ती दोघांचीच टीम आहे, एक फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले सर आणि एक सिस्टर ज्या फर्स्ट एडचं पाहतात. जाहिरात करत नाहीत, ओळखीतूनच कामं येतात, आणि नंबर नेटवर टाकू नका, आहे तेवढंच झेपत नाही असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून नाव देत नाही. पण अशी कुठलीही सर्व्हिस घेताना काय मागायचं, ते तरी यातून कळेल.

पहिले हे सांगते की आम्हाला याची गरज का पडली. २३ सप्टेंबर २०२३ नागपुरात कोणी विसरलं नसेल. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं पूजन, घरोघरी जेवणं, सगळे थकून झोपलेले, आणि मध्यरात्रीनंतर असा पाऊस पडला की काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली, अंबाझरी लेआउट, शंकरनगर, पंचशील चौक, सीताबर्डी, मोरभवनचा बस स्टँड सगळीकडे पाणी. लोक गेले, आर्मीला बोलवावं लागलं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या रात्री एकच माणूस होता, आमचे चौकीदार काका. त्यांची खाट तळघरात, कारण तिथे पंखा होता. रॅम्पवरून शटरच्या खालून पाणी आत आलं, लाइट गेले, काका अंधारात चाचपडत जिन्याच्या दाराशी गेले तर दाराला वरच्या बाजूने कुलूप. ते कुलूप आम्हीच लावायचो, रोज संध्याकाळी, तळघरातून कोणी वर येऊ नये म्हणून, आणि चावी मालकांच्या घरी, प्रतापनगरला. काका ओरडत होते, त्यांच्या फोनमध्ये फक्त मालकांचा नंबर, तो लागून नाही राहिला. बाजूच्या बिल्डिंगच्या चौकीदाराने आवाज ऐकला आणि सब्बलीने कडी तोडली. तोवर काकांच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं.

सकाळी मी पोचले तेव्हा काका बाहेर कट्ट्यावर ओल्या कपड्यांत बसलेले होते आणि मला म्हणाले, ताई, रजिस्टर भिजलं. हजेरीचं रजिस्टर. मला अजूनही ते आठवलं की गळा दाटतो. तळघरात कागदाच्या रिमा पाणी पिऊन फुगल्या होत्या, पट्ट्या फाटून कागद भाकरीसारखा बाहेर आलेला, फेव्हिकॉल आणि चिखलाचा मिळून एक वास, तो दिवाळीपर्यंत गेला नाही. पण माल येतो वापस, विमाही मिळतो थोडाफार. कुलूप मात्र आमचं होतं.

त्यानंतर मालकांनी लगेच एका कन्सल्टंटकडून प्लॅन करून घेतला, ते कोण ते लिहीत नाही. आठ दिवसांत जाडजूड फाइल आली, रंगीत कव्हर, आत इंग्रजीत ६० पानं. माणूस एकदाही तळघरात उतरला नव्हता. बाहेर पडून जमायची जागा म्हणून फाइलमध्ये पार्किंग लिहिलेलं, आमच्याकडे पार्किंगच नाही, गाड्या रस्त्यावर लागतात. चौकीदार हा शब्द पूर्ण फाइलमध्ये कुठेच नाही. मी ती फाइल दोनदा वाचली आणि मालकांना सांगितलं की यात आपली बिल्डिंग नाहीये. त्यांना पटलं, याचं क्रेडिट त्यांना दिलंच पाहिजे, पैसे गेले होते तरी पुन्हा खर्चाला हो म्हणाले.

मग हे सर आले. पहिल्या भेटीला दीड तास लेट, फोनही उचलला नाही, ही पहिली तक्रार, आणि ज्यांचं कामच मिनिटांवर आहे त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. पण आल्यावर केबिनमध्ये चहा घेत बसले नाहीत, सरळ म्हणाले, इथे सगळ्यात जास्त वेळ कोण राहतं? मी म्हटलं चौकीदार काका आणि सकाळी झाडायला येणाऱ्या मावशी. मग पहिला राउंड त्या दोघांसोबत. दोन तास. मावशींना माहीत होतं की गच्चीच्या दाराची कडी पावसात फुगून अडकते, काकांना माहीत होतं की नाल्याचं पाणी पहिले मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातून पाझरतं आणि मग अर्ध्या तासाने रॅम्पवर येतं. यातलं आम्हा कोणालाच माहीत नव्हतं, ना मला, ना मालकांना, आणि आम्ही १२ वर्षांपासून त्याच बिल्डिंगमध्ये आहोत.

सर्वेमध्ये काय निघालं ते थोडक्यात सांगते. सात फायर एक्स्टिंग्विशर होते, दोघांचा काटा लाल पट्ट्यात, एकाची पावडर आत जमून गोळा झालेली, आणि इलेक्ट्रिक पॅनलच्या बाजूला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर पाहिजे तिथे काहीच नाही. मेन स्विच आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तळघरात, म्हणजे पाणी भरलं की लाइट बंद करायला पाण्यातच उतरावं लागेल, आणि करंट असलेल्या पाण्यात उतरणं म्हणजे जीव देणं. दुपारी सरांनी सगळ्या स्टाफला विचारलं मेन स्विच कुठे आहे, तिघांनीच हात वर केले आणि त्यातल्या दोघांनी जनरेटरचा चेंजओव्हर दाखवला. दाराचं त्यांनी जे समजावलं ते तर माझ्या डोक्यातून जातच नाही. तीन फूट रुंदीचं दार आणि बाहेर फक्त दोन फूट पाणी उभं राहिलं, तरी दारावर दीडशे किलोच्या वर दाब येतो, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारं दार आतला माणूस ढकलूच शकत नाही. दोन फूट म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. आपण म्हणतो गुडघाभर पाणी आहे, काय होते.

दुसरी भेट ट्रेनिंगची, पूर्ण दिवस. इतर ठिकाणी प्रोजेक्टर लावून स्लाइड दाखवतात तसं यांनी केलं नाही, मागच्या मोकळ्या प्लॉटवर लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवलं आणि एकेकाला हातात एक्स्टिंग्विशर देऊन समोर उभं केलं. मी ज्वाळेवर मारलं, वरच्या वर, आग विझायची तर अजून भडकल्यासारखी झाली आणि मी दोन पावलं मागे आले. सर मागून शांतपणे म्हणाले, ताई, ज्वाळा सोडा, बूड पाहा, बुडाला मारा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे न्या. तसं केलं आणि विझली. सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही, आपल्याला वाटतं पाच मिनिटं चालेल. म्हणून त्यांचा नियम असा की पाठ नेहमी दाराकडे पाहिजे, एक सिलिंडर संपला आणि आग राहिली तर दुसरा शोधत बसायचं नाही, बाहेर निघायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ लावायचा. सीओटूच्या भोंग्याला हात लावायचा नाही, तो इतका थंड होतो की चामडी सोलते, हेही आमच्या इलेक्ट्रिकचं काम पाहणाऱ्या पोराला माहीत नव्हतं.

सिस्टरांचा भाग मला त्याहून आवडला. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं, सगळ्यांकडून करून घेतलं, बाहुल्यावर, छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दोन मिनिटांत घाम फुटतो म्हणून जोडीदार बदलायचा. मग उष्माघात. नागपूरचा मे कसा असतो हे सांगायची गरज नाही, २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि आमचं वरच्या माळ्यावरचं गोडाऊन टिनाचं. सिस्टरांनी सांगितलं की घाम येऊन थकवा वाटणं वेगळं, आणि अंग तापून माणूस काहीच्या बाही बोलायला लागणं वेगळं. दुसऱ्यात वेळ घालवायचा नाही, सावलीत न्या, कपडे सैल करा, मानेला, काखेत, जांघेत थंड पाणी लावा, पंखा मारा, १०८ बोलवा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आपल्याकडे पहिले पाणीच पाजायला धावतात. त्यांच्याच सांगण्यावरून आता एप्रिल ते जून दुपारी १२ ते ४ गोडाऊनमधलं लोडिंग बंद, ते काम सकाळी सातला होतं. मालकांना वाटलं होतं ऑर्डरी अडतील, पण तसं काही झालं नाही. कूलरचंही त्यांनी काढलं, आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून दरवर्षी माणसं जातात आणि आपण पेपरमध्ये वाचून पान उलटतो. सगळ्या कूलरचं अर्थिंग तपासून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. हा एक खर्च कोणीही आजच्या आज करावा, घरीसुद्धा.

पहिली मॉक ड्रिल सकाळी ११ ला. सात मिनिटं चाळीस सेकंद लागले आणि बाहेर येऊन गिनती केली तर दोन माणसं जास्त. एक चहावाला पोरगा, एक कुरियरचा. ते आत आहेत हे कोणाच्याच यादीत नव्हतं, आग खरी असती आणि ते आतच राहिले असते तर आम्ही बाहेर उभे राहून ३४ च्या ३४ आले म्हणून निश्चिंत झालो असतो. आता गेटवर पाटी आहे, येणारा प्रत्येक जण नाव लिहितो, जाताना पुसतो, आणि ती पाटी उचलून बाहेर न्यायचं काम रिसेप्शनवाल्या मुलीचं.

त्याच ड्रिलमध्ये एक गोष्ट झाली ती मी लिहिणारच. आमच्या अकाउंट्सच्या ताईंच्या पायाला पोलिओ आहे, कुबडी घेऊन चालतात. भोंगा वाजला आणि सगळे पळाले, त्या पहिल्या माळ्यावर एकट्या राहिल्या. कोणी वाईट नाही यात, कोणाला सुचलंच नाही. सरांनी ड्रिल थांबवली, सगळ्यांना वापस वर आणलं, आणि दोन पोरं लगेच पुढे आली की आम्ही उचलून नेतो. सर म्हणाले, पहिले त्यांना विचारा. ताई म्हणाल्या, मला उचलू नका, मला भीती वाटते, कुबडी हातात द्या, एक जण पुढे चाला, एक मागे, मी कठडा धरून उतरते, आणि मला घाई करू नका. तसंच ठरलं. दोघं नेमलेले, आणि ते सुट्टीवर असले तर अजून दोघं. दुसऱ्या ड्रिलला ताई धरून सगळे तीन मिनिटं दहा सेकंदांत खाली.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी यांना मानते. मी सरांना सांगितलं होतं की आमच्यावर आपत्ती सकाळी ११ ला आली नव्हती, रात्री तीनला आली होती. माझं माहेर भंडाऱ्याचं. ९ जानेवारी २०२१ ला तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली, तीही मध्यरात्रीच. नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, ९ कामगार गेले, तो १७ डिसेंबर २०२३, रविवार. संकट काही आपली ऑफिसची वेळ पाहून येत नाही, आणि ज्या वेळी येतं त्या वेळी तिथे जो असतो तो बहुतेक सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात कमी माहिती दिलेला माणूस असतो. सरांनी ऐकून घेतलं आणि तिसरी भेट रात्री नऊला ठेवली, मेन बंद करून, पूर्ण अंधारात, फक्त काका आणि मावशी. हे त्यांच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये नव्हतं, मला मागावं लागलं, म्हणून एक स्टार कमी करतेय, कारण हे पॅकेजमध्ये पाहिजेच. पण एकदा हो म्हटल्यावर त्यांनी जीव लावून केलं, वेगळे पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री काय ठरलं ते असं. आग लागली तर खाली आणि बाहेर, पाणी आलं तर वर, म्हणून सिग्नलही दोन, आगीला भोंगा, पाण्याला शिट्टीचे तीन लांब आवाज. आधीच्या फाइलमध्ये दोन्हीसाठी एकच वाक्य होतं की सर्वांनी शांतपणे बाहेर पडावे. पाणी भरलेल्या रस्त्यावर कुठे बाहेर पडणार? रॅम्पच्या भिंतीवर दोन पट्टे मारले, खाली पिवळा, वर लाल. पाणी पिवळ्याला लागलं की काकांनी मला फोन करायचा, मेन पाडायचा आणि वर यायचं, कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. लाल पट्ट्यानंतर तळघरात कोणीच उतरायचं नाही, मालक म्हणाले तरी नाही. हे वाक्य मालकांनी स्वतः कागदावर लिहून सही करून दिलं, ते काकांच्या खाटेजवळ चिकटवलंय. खाट आता पहिल्या माळ्यावर, पंख्यासकट. जिन्याच्या दाराला कुलूप नाही, आतून दांडी दाबली की उघडतं असा पॅनिक बार बसवला. मेन स्विच लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून ग्राउंडवर पाच फूट उंचीला आणला. आणि काकांच्या गळ्यात शिट्टी, खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर १०१, १०८, ११२, जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७ आणि आमच्यापैकी पाच जणांचे नंबर मोठ्या अक्षरात, कारण चष्मा रात्री सापडत नाही असं काकांनीच सांगितलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री दीडला माझा फोन वाजला. काका म्हणाले, ताई, पिवळ्याला लागलं, मेन पाडला, मी वर आहे. एवढंच. आवाज एकदम स्थिर. मी कार्डाप्रमाणे पुढचे दोन फोन लावले, त्यांनी पुढचे लावले, वीस मिनिटांत मालकांपर्यंत निरोप पोचला. पाणी लाल पट्ट्यापर्यंत आलंच नाही, पहाटे उतरलं, तळघरात घोटाभर राहिलं, आता तिथे कागद ठेवतच नाही त्यामुळे नुकसान काही नाही. सकाळी इलेक्ट्रिशियनने पाहून ओके म्हणेपर्यंत काकांनी मेनला कोणाला हात लावू दिला नाही, मालकांनाही नाही.

तक्रारी अजून दोन आहेत. रिपोर्टला पाच आठवडे लागले आणि पहिला ड्राफ्ट इंग्रजीत आला, जो काका-मावशींच्या काय कामाचा, मराठी मागितल्यावर अजून दहा दिवस. आणि आकाशातून वीज पडण्याचा भाग फारच उरकला, विदर्भात वीज पडून इतकी माणसं जातात, आमची डिलिव्हरीची पोरं बाइकवर बुटीबोरी-हिंगण्याला जातात, त्यांच्यासाठी दोन ओळी. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अॅप पोरांच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं.

खर्च तीन भेटींचा मिळून २२,००० अधिक जीएसटी, दार, वायरिंग, सिलिंडर रिफिल हे वेगळं. त्यांनी स्वतःकडून काही विकायचा प्रयत्न केला नाही, रिफिल कुठूनही करा म्हणाले, हे महत्त्वाचं वाटलं मला. एक लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, द्यावा लागतो तो लायसन्सवाल्या एजन्सीकडूनच, ते काम हे लोक करत नाहीत आणि तसं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात.

देशभरातले फायर ऑफिसर शिकायला आपल्या नागपुरात येतात, फायर सर्व्हिस कॉलेज इथे, पहिलेचं सिव्हिल डिफेन्सचं कॉलेज, म्हणजे आताची एनडीआरएफची अकादमी इथे, त्यामुळे शिकवणारी माणसं या गावात आहेत, विचारलं की भेटतात. ५ पैकी ४ स्टार. बोलवायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच तारीख घ्या, जूनमध्ये मिळत नाही.

आमची पुढची ड्रिल फायर सर्व्हिस वीकमध्ये आहे. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून १६ ला ठेवली. दिवसाचा राउंड सर घेतील. रात्रीचा काका घेणार आहेत, सुट्टीच्या दिवशी बदलीला येणाऱ्या नवीन चौकीदारासाठी, आणि त्यांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय की ताई, त्या पोरासाठी एक शिट्टी आणून ठेवा.